पॅकेज व्यवस्थापन, मॅक परिचालन प्रणालीवरील

संगणकावर आज्ञावली बसविणे, तिला लागणाऱ्या इतर आज्ञावल्या हुडकून त्या योग्य क्रमाने बसविणे, सर्वांच्या नव्या आवृत्त्या वेळोवेळी आणणे आणि नको असलेली आज्ञावली मागे काही न ठेवता काढून टाकणे, ही कामे ज्या आज्ञावलीकडून करून घेतात तिला पॅकेज व्यवस्थापक म्हणतात. ज्यांची मूळ संहिता म्हणजे सोर्स कोड सर्वांना वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळी असते, अशा मुक्त स्रोत आज्ञावल्यांच्या क्षेत्रात ही साधने प्रामुख्याने १९९० नंतरच्या दशकात विकसित झाली. ॲपल या अमेरिकन कंपनीची मॅक-ओएस ही परिचालन प्रणाली मात्र स्वामित्वाधीन असून तिच्यासोबत असा सर्वसाधारण व्यवस्थापक कंपनीने दिलेला नाही. ही उणीव मुख्यतः स्वयंसेवकांनी भरून काढली. फिंक, मॅकपोर्ट्स व होमब्रू ही त्यांनी घडविलेली प्रमुख साधने होत. दुसऱ्याच्या मालकीच्या व मालकाच्या निर्णयानुसार बदलणाऱ्या प्रणालीत मुक्त आज्ञावल्यांना जागा कोठे व कशी द्यावयाची, हा या साधनांपुढील मुख्य प्रश्न असून त्यांच्यातील बहुतेक भेद या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून उद्‌भवले आहेत.

पार्श्वभूमी : ॲपलने नेक्स्ट ही कंपनी ताब्यात घेण्याचा निर्णय डिसेंबर १९९६ मध्ये जाहीर केला. नेक्स्टची परिचालन प्रणाली माख हा गाभा व युनिक्सची बीएसडी ही शाखा यांवर उभारलेली होती. तिच्याच आधारे मॅक-ओएस दहा ही नवी प्रणाली तयार होऊन २४ मार्च २००१ रोजी विक्रीस आली. तिचे नाव २०१२ मध्ये ओएस-दहा व २०१६ मध्ये मॅक-ओएस असे बदलले. या प्रणालीचे दोन थर पडतात. तळाच्या थरास डार्विन म्हणतात व त्याची बरीचशी मूळ संहिता ॲपलने १९९९ पासून खुली केलेली आहे. खिडक्या, चित्रलेखन व उपयोजने यांचा वरचा थर मात्र बंदिस्त आहे. त्यामुळे विद्यापीठे व संशोधनसंस्था यांत युनिक्सवर काम करणाऱ्यांना परिचित आज्ञा चालविणारा, तसेच कार्यालयीन उपयोजनेही चालविणारा संगणक एकाच यंत्रात मिळू लागला. २००७ मध्ये आलेल्या १०·५ या आवृत्तीला युनिक्स हे अधिकृत प्रमाणपत्रही मिळाले.

तथापि युनिक्सच्या जगातील हजारो मुक्त आज्ञावल्या या प्रणालीत आयत्या नव्हत्या. मॅकवरील नेहमीचे उपयोजन स्वयंपूर्ण गठ्ठ्याच्या रूपात असते. ते योग्य फोल्डरमध्ये ओढून ठेवले की बसते व कचरापेटीत टाकले की बव्हंशी जाते. मुक्त आज्ञावल्यांची घडण याहून वेगळी असते. त्या सामाईक आज्ञासंग्रहांवर म्हणजे लायब्रऱ्यांवर अवलंबून असतात, त्या लायब्रऱ्या आणखी दुसऱ्या लायब्रऱ्यांवर, अशी साखळी लांबत जाते. उदा., चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या आज्ञावलीस चित्रांच्या प्रत्येक प्रकारासाठी एक, अक्षरांच्या आकारांसाठी एक व संक्षेपणासाठी एक अशा अनेक लायब्रऱ्या लागतात. त्या हाताने मिळवून बसविणे कष्टाचे असते आणि पुढे त्या अद्ययावत राखणे त्याहूनही कठीण असते.

पूर्वपरंपरा : या अडचणीवर अन्य प्रणालींत दोन प्रकारचे उपाय निघाले होते. फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी जॉर्डन हबर्ड यांनी पोर्ट्स ही पद्धत सुरू केली. तीत प्रत्येक आज्ञावलीसाठी एक लहानशी कृती लिहिलेली असते. मूळ संहिता कोठून आणावी, तीत कोणत्या दुरुस्त्या कराव्यात व तिचे संकलन कसे करावे, हे तीत नमूद असते. संकलन वापरणाऱ्याच्याच यंत्रावर होते. दुसऱ्या प्रकारात संकलन आधीच करून तयार संच वाटले जातात. लिनक्सच्या डेबियन या वितरणातील डीपीकेजी व एपीटी आणि रेड हॅट या वितरणातील आरपीएम ही या प्रकारची साधने होत. पहिल्या प्रकारात लवचीकपणा अधिक, तर दुसऱ्यात वेळेची बचत अधिक असते. मॅकवरील साधनांनी या दोन्ही परंपरांतून कमीअधिक प्रमाणात उचल केली आहे.

फिंक : हा प्रकल्प क्रिस्टॉफ फिस्टरर यांनी डिसेंबर २००० मध्ये, म्हणजे मॅक-ओएस दहा विक्रीस येण्यापूर्वीच, सुरू केला. फिंक हा फिंच पक्ष्याचा जर्मन शब्द आहे. गालॅपागस बेटांवरील फिंच पक्षी चार्ल्स डार्विन यांच्या उत्क्रांतिविषयक विचाराशी निगडित आहेत आणि प्रणालीच्या तळथराचे नाव डार्विन आहे. त्यावरून हे नाव पडले. फिंकने डेबियनची डीपीकेजी व एपीटी ही साधने मॅकवर आणली. प्रत्येक आज्ञावलीसाठी वर्णनपत्र व दुरुस्तीपत्र असे, त्यांवरून संकलन होऊन डेबियनच्या पद्धतीचा संच तयार होई आणि तोच यंत्रावर बसविला जाई. शिवाय काही संच आधीच संकलित करून उपलब्ध करण्यात आले.

जागेच्या प्रश्नाला फिंकने दिलेले उत्तर सावध होते. ॲपलच्या कोणत्याही फोल्डरला हात न लावता धारिकावृक्षाच्या मुळाशीच ‘एसडब्ल्यू’ या नावाचा स्वतंत्र फोल्डर निर्माण करून सर्व काही त्यात ठेवण्यात आले. यामुळे ॲपलच्या नव्या आवृत्तीने फिंकच्या धारिका पुसल्या जाण्याचा किंवा फिंकमुळे ॲपलच्या धारिका बिघडण्याचा संभव उरला नाही, आणि तो एक फोल्डर काढून टाकला की सगळेच निघून जाई.

मॅकपोर्ट्स : २००२ मध्ये ॲपल व इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम यांच्या पुढाकाराने ओपनडार्विन हा प्रकल्प निघाला. त्याच्याच अंतर्गत डार्विनपोर्ट्स हे साधन आकारास आले. लँडन फुलर, केव्हिन व्हॅन व्हेख्टेन व जॉर्डन हबर्ड हे त्याच्या आरंभीच्या कर्त्यांपैकी होत. फ्रीबीएसडीचे पोर्ट्स निर्माण करणारे हबर्ड २००१ मध्ये ॲपलच्या सेवेत आले होते. त्यामुळे जुन्या कल्पनेचा नवा अवतार तिच्या मूळ कर्त्याच्या सहभागाने घडला. हे साधन टीसीएल या भाषेत लिहिलेले असून प्रत्येक आज्ञावलीच्या कृतीस पोर्टफाइल म्हणतात. ओपनडार्विन प्रकल्प गुंडाळण्याचे २००६ मध्ये जाहीर झाल्यावर हे साधन ॲपलनेच चालविलेल्या मॅक-ओएस फोर्ज या केंद्रात गेले व त्याचे नाव मॅकपोर्ट्स असे ठेवण्यात आले. ते केंद्रही २०१६ मध्ये बंद पडले, तेव्हा प्रकल्पाने आपले बिऱ्हाड गिटहब या सर्वसामान्य सेवेवर हलविले. अशा रीतीने ॲपलच्या आश्रयाने जन्मलेल्या साधनाला त्या आश्रयाविना जगण्याची व्यवस्था करावी लागली.

मॅकपोर्ट्सचा फोल्डर ‘ऑप्ट/लोकल’ हा होय. ॲपलने दिलेल्या लायब्रऱ्यांवर शक्य तो विसंबावयाचे नाही व आपल्याला लागणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या स्वतःच बांधावयाच्या, हे त्याचे धोरण आहे. याची किंमत म्हणजे पहिल्यांदा एखादी छोटी आज्ञावली बसवितानाही पुष्कळ गोष्टी आणाव्या लागतात. लाभ असा की, ॲपलने आपली लायब्ररी बदलली किंवा काढून टाकली, तरी मॅकपोर्ट्सच्या आज्ञावल्यांना सहसा धक्का पोहोचत नाही. मॅक-ओएसच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांवरही हे साधन चालते, यामागे हेही एक कारण आहे. आरंभी सर्व संकलन वापरणाऱ्याच्या यंत्रावर होई. २०११ मधील २·० या आवृत्तीपासून पूर्वसंकलित संचही मिळू लागले.

होमब्रू : मॅक्स हॉवेल यांनी २००९ मध्ये रुबी या भाषेत हे साधन लिहिले. होमब्रू म्हणजे घरी गाळलेले मद्य. याच रूपकाला धरून साधनातील सर्व संज्ञा योजलेल्या आहेत. प्रत्येक आज्ञावलीच्या कृतीस फॉर्म्युला, बसविलेल्या आवृत्तीच्या फोल्डरला केग म्हणजे पिंप, अशी सर्व पिंपे जेथे राहतात त्या फोल्डरला सेलर म्हणजे तळघर, पूर्वसंकलित संचाला बॉटल म्हणजे बाटली व कृतींच्या बाहेरच्या संग्रहाला टॅप म्हणजे तोटी असे म्हणतात. प्रत्येक आज्ञावली तळघरात आपापल्या फोल्डरात सुटी राहते आणि तिच्याकडे बोट दाखविणारे दुवे सामाईक फोल्डरात निर्माण केले जातात. त्यामुळे एखादी आज्ञावली काढणे म्हणजे तिचे दुवे व तिचा फोल्डर काढणे, इतके ते सोपे होते. कास्क या पुरवणीमुळे खिडक्या असलेली, बंदिस्त उपयोजनेही याच साधनाने बसविता येतात.

होमब्रूने आरंभी मॅकपोर्ट्सच्या नेमके उलट धोरण स्वीकारले. ॲपलने जे आधीच दिले आहे ते पुन्हा बांधावयाचे नाही, असे ठरविल्यामुळे आज्ञावल्या थोड्या वेळात बसू लागल्या. फोल्डरही ‘यूएसआर/लोकल’ हा, युनिक्समध्ये स्थानिक भर घालण्यासाठी परंपरेने राखलेला, निवडण्यात आला. संकलक व कवच यांच्या शोधमार्गात तो आधीच असल्यामुळे निराळी जुळणी फारशी करावी लागत नसे. मात्र त्याच फोल्डरात हाताने किंवा अन्य मार्गाने बसविलेल्या धारिकांशी टक्कर होण्याचा संभव राही. शिवाय हा फोल्डर प्रशासकाच्या नव्हे, तर सामान्य वापरकर्त्याच्या मालकीचा केला जात असल्यामुळे एकाच यंत्रावर अनेक वापरकर्ते असतील तेथे ही व्यवस्था गैरसोयीची ठरते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही तिच्यावर टीका झाली आहे. असे असूनही कृती लिहिण्याची सोपी पद्धत आणि गिटहबवरून कोणालाही दुरुस्ती सुचविण्याची सोय, यांमुळे हजारो जणांनी त्यास हातभार लावला व ते या क्षेत्रातील सर्वांत लोकप्रिय साधन बनले. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या २·० या आवृत्तीपासून ते लिनक्सवरही अधिकृतपणे चालू लागले.

तांत्रिक अडचणी : लिनक्ससाठी लिहिलेली आज्ञावली मॅकवर जशीच्या तशी संकलित होईलच, असे नसते. मॅकमधील चालनक्षम धारिकांचा साचा माख-ओ हा असून तो लिनक्समधील ईएलएफ साच्याहून भिन्न आहे. माख-ओ पद्धतीत लायब्ररीचे स्थान सामान्यतः तिच्याच पोटात लिहिलेले असते व संकलनाच्या वेळी ते आज्ञावलीत उतरते. म्हणून लायब्ररीचा फोल्डर बदलला की आज्ञावलीला ती सापडत नाही आणि पूर्वसंकलित संच दुसऱ्या ठिकाणी बसविताना हे पत्ते दुरुस्त करावे लागतात. दुसरी अडचण धारिकांच्या नावांची आहे. मॅकची धारिकाव्यवस्था सर्वसाधारणपणे रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांत भेद करीत नाही. त्यामुळे केवळ या भेदावर निराळी मानलेली दोन नावे एकाच फोल्डरात नांदू शकत नाहीत. तिसरी अडचण संकलकाची होय. तो प्रणालीत आयता बसविलेला नसून ॲपलकडून वेगळा घ्यावा लागतो.

प्रक्रियकांच्या बदलांमुळे याच कामाची पुनरावृत्ती करावी लागली. २००६ मध्ये ॲपलने पॉवरपीसी प्रक्रियक सोडून इंटेलचे प्रक्रियक घेतले आणि नोव्हेंबर २०२० पासून स्वतःचे, आर्म जातीचे प्रक्रियक वापरण्यास आरंभ केला. नव्या प्रक्रियकावर दोन्ही प्रकारच्या आज्ञावल्या शेजारी शेजारी ठेवता याव्यात म्हणून होमब्रूने त्यासाठी ‘ऑप्ट/होमब्रू’ हा निराळा फोल्डर योजला. फेब्रुवारी २०२१ मधील ३·० या आवृत्तीत त्याला अधिकृत आधार मिळाला. याप्रमाणे होमब्रूही अखेर स्वतंत्र जागेच्या व्यवस्थेकडे वळले. २०२५ मध्ये आलेली मॅक-ओएस २६ ही इंटेल प्रक्रियकांवर चालणारी अखेरची आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे.

मालकाची धोरणे : प्रणालीच्या मालकाने सुरक्षिततेसाठी घेतलेल्या निर्णयांचे परिणाम या साधनांवर वारंवार झाले. २०१५ मधील १०·११ या आवृत्तीत ‘यूएसआर’ यासारखे फोल्डर प्रशासकालाही बदलता येऊ नयेत, अशी व्यवस्था करण्यात आली. ‘यूएसआर/लोकल’ तेवढा मोकळा ठेवण्यात आला. २०१९ मधील १०·१५ या आवृत्तीत प्रणालीचा संपूर्ण विभागच केवळ वाचण्याजोगा झाला. धारिकावृक्षाच्या मुळाशी नवा फोल्डर करणे त्यामुळे अशक्य झाले आणि फिंकला आपली जवळजवळ वीस वर्षांची जागा सोडून ‘ऑप्ट/एसडब्ल्यू’ येथे जावे लागले. एल्को डोल्स्ट्रा यांनी निर्माण केलेल्या निक्स या व्यवस्थापकाचा फोल्डरही मुळाशीच असल्यामुळे त्यालाही वेगळा विभाग निर्माण करून मार्ग काढावा लागला.

ॲपलने प्रणालीसोबत दिलेल्या मुक्त आज्ञावल्याही कमी होत गेल्या. ग्नू सार्वजनिक परवान्याची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एकस्व हक्क आणि आज्ञावलीत बदल करून ती यंत्रावर चालविण्याचे वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य यांविषयीच्या तिच्यातील अटी अधिक कडक आहेत. या परवान्याखाली गेलेल्या आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या ॲपलने घेतल्या नाहीत. बॅश या कवचाची ३·२ ही २००६ मधील आवृत्तीच मॅकमध्ये राहिली व २०१९ पासून झेडएसएच हे वेगळ्या परवान्याचे कवच नेहमीच्या वापरासाठी नेमण्यात आले. ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीसाठी संकलनास लागणाऱ्या शीर्षधारिका २०१५ मध्ये काढण्यात आल्या. पीएचपी ही भाषा २०२१ मध्ये व पायथन २·७ ही २०२२ मध्ये वगळण्यात आली. ॲपलने दिलेलेच वापरावयाचे, हे होमब्रूचे मूळ धोरण त्यामुळे टिकले नाही व तेही उत्तरोत्तर स्वतःच्या लायब्रऱ्या बांधू लागले. मॅकपोर्ट्सचा सुरुवातीचा सावधपणा अनाठायी नव्हता, हे यावरून दिसते.

मनुष्यबळ व साधनसामग्री : मॅक-ओएसचा परवाना ती प्रणाली केवळ ॲपलने बनविलेल्या यंत्रांवरच चालविण्याची मुभा देतो. लिनक्ससाठीचे संच कोणत्याही स्वस्त यंत्रावर बांधता येतात. मॅकसाठीचे संच बांधण्यास मात्र ॲपलची यंत्रे विकत अथवा देणगी म्हणून मिळवावी लागतात. होमब्रूने २०१३ मध्ये लोकवर्गणी जमवून चाचण्यांसाठी अशी यंत्रे घेतली. प्रणालीची नवी आवृत्ती साधारणतः दरवर्षी येते व तिच्यासाठी हजारो संचांची पुन्हा बांधणी व चाचणी करावी लागते. हे काम बहुतांशी विनावेतन चालते. होमब्रू मॅक-ओएसच्या अलीकडील मोजक्याच आवृत्त्यांना पूर्ण आधार देते, यामागे हा भार मर्यादित ठेवण्याचा हेतू आहे.

सुरक्षितता : प्रत्येक कृतीत मूळ धारिकेचा पडताळा-अंक नोंदलेला असतो. उतरवून घेतलेल्या धारिकेवरून काढलेला अंक त्याच्याशी जुळला नाही, तर साधन पुढे जात नाही. वाटेत केलेला बदल यामुळे पकडता येतो, परंतु मूळ कर्त्याच्या घरातूनच दूषित धारिका बाहेर पडली तर हा उपाय निरुपयोगी ठरतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण आज्ञावलीच्या ५·६·० व ५·६·१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट घातल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या निदर्शनास आले. चोरवाटेचा रोख लिनक्स यंत्रांवर होता. तरीही होमब्रूने खबरदारी म्हणून ५·४·६ या जुन्या आवृत्तीकडे माघार घेतली. सर्व वापरकर्त्यांना एकाच मध्यवर्ती कृतीत बदल करून माघारी आणता आले, हा व्यवस्थापकाचा मोठा गुण होय. याउलट एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष ॲपलने दिलेल्या जुन्या ०·९·८ या आवृत्तीत नव्हता. व्यवस्थापकांनी दिलेल्या नव्या १·०·१ या आवृत्तीत मात्र होता आणि तो १·०·१जी या आवृत्तीने दूर करावा लागला. नवी आवृत्ती नेहमीच अधिक सुरक्षित असते असे नाही. दोष कळल्यावर तो किती लवकर व किती जणांच्या यंत्रांतून दूर करता येतो, यावर अशा व्यवस्थेची खरी परीक्षा होते.

अन्य स्वामित्वाधीन प्रणाली : मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर मुक्त आज्ञावल्या आणण्याचा सिगविन हा प्रयत्न १९९५ मध्ये सिग्नस या कंपनीत सुरू झाला. विंडोज युनिक्सवर आधारलेली नसल्यामुळे त्यात युनिक्ससारखे वागणारा एक थरच मध्ये उभारावा लागला. विंडोजसाठी चॉकलेटी हा व्यवस्थापक २०११ मध्ये निघाला आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंगेट हा स्वतःचा मुक्त स्रोत व्यवस्थापक जाहीर केला. येथे मालकानेच ही जबाबदारी उचलली. ॲपलने २०११ मध्ये उघडलेले मॅक ॲप स्टोअर हे विक्रीकेंद्र कंपनीच्या नियमांत बसणाऱ्या उपयोजनांसाठी असून ते या साधनांची जागा घेत नाही.

महत्त्व : शास्त्रीय गणन, प्रकाशन, संकेतस्थळांची रचना व आज्ञावली-लेखन यांसाठी मॅक वापरणाऱ्यांना या साधनांमुळे मुक्त आज्ञावल्यांचे भांडार सहजसाध्य झाले. प्रणालीतून एखादी भाषा किंवा लायब्ररी काढली गेली, तरी ती वापरण्याचा मार्ग त्यांच्यामुळे खुला राहतो. मात्र हे स्वातंत्र्य सशर्त आहे. फोल्डर कोठे करता येईल, संकलक कोणता मिळेल, कोणत्या यंत्रावर संच बांधता येतील आणि जुना प्रक्रियक किती काळ चालेल, हे सर्व मालक ठरवितो. त्यानुसार जुळवून घेण्याचे श्रम स्वयंसेवकांना करावे लागतात. स्वतंत्र जागा, मालकाच्या लायब्रऱ्यांवर कमीत कमी भिस्त व सर्वांना वाचता येतील अशा कृती, ही तीन तत्त्वे पाळणाऱ्या साधनांना असे बदल पचविणे तुलनेने सोपे गेले आहे.